तेजूच्या डब्यातली नाचणी

६ जानेवारी २०२५, सोमवार

घोडेगावच्या एसटीने आलं ते —
नाचणीचं पीठ ४ किलो. घरची नाचणी, मोल नाही.
गूळ २ किलो. १२० रुपये, जावयांनी घोडेगावात घेतला.
तूप दीड किलो. झुंबरबाईंच्या म्हशीचं. विकत घ्यायचं तर हजाराच्या पुढं.
कंडक्टरला चहाचे २०. स्टँडवरून रिक्षा ४०. (चालत आले असते, पण डबा जड.)

सगळं तेजूच्या बिस्किटांसाठी. तिला पाचवा महिना. उलट्या अजून थांबत नाहीत. रक्त कमी आहे, आणि लोहाची लाल गोळी घेतली की दहा मिनिटांत बाहेर. तळेघरच्या वर वाडीत कुठली भट्टी! म्हणून तिच्या सासूबाईंनी, झुंबरबाईंनी, निरोप पाठवला — जिन्नस आमचा, मजुरी तुमची, पोरीला नाचणीची बिस्किटं पाडून पाठवा.

सरूबाई असती तर तिनं केलं असतं. सरूबाई म्हणजे यांची बहीण, तेजूची आई. तिला जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून तेजूचं माहेर म्हणजे आमचं जुन्नरचं घर आणि आई म्हणजे मी. असं सगळे म्हणतात. मीही म्हणते.

७ जानेवारी, मंगळवार

तेजूसाठी नवस बोलले होते — एकवीस मंगळवार देवघरात तुपाचा दिवा आणि माघी चतुर्थीला ओझरला विघ्नहराच्या पायाशी. आज पहिला. घरातलं तूप संपलेलं. तिच्याच डब्यातलं वाटीभर काढलं. तिचंच तूप, तिच्यासाठीच दिवा. यात काही चुकलं असं वाटलं नाही.

८ जानेवारी

सलीमभाईंच्या बेकरीत गेले. दुपारी पाव निघाले की भट्टी रिकामी असते, तेव्हा बायकांचा नंबर. आम्ही सगळ्याच दिवाळीला, उन्हाळ्याला आपापला जिन्नस घेऊन जातो, किलोवर मजुरी देतो आणि समोर बसून बिस्किटं पाडून घेतो. नेम एकच — आपला ट्रे निघेपर्यंत उठायचं नाही. नाहीतर आपलं तूप दुसरीच्या डब्यात. मी तर पंचवीस वर्षांत पाणी प्यायलासुद्धा उठलेली नाही.

आज नमुना म्हणून किलोभर नाचणी, अर्धा किलो तूप, गूळ. ट्रे बाहेर आला तो सगळा भुगा. उचलायला गेलं की बोटांत चुरा. सलीमभाई म्हणाले, नाचणीला चिकटपणा नसतो, गुळानं अजून ओली होते. त्यांच्या घरातून नूरजहाँभाभी आल्या. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकून सांगितलं, चव चांगली आहे पण हे एसटीत बसून तळेघरला पोचेपर्यंत पीठच होईल.

चुरा घरी आणला. टाकते कशाला. यांना दुधात घालून दिला.

९ जानेवारी, गुरुवार

आज नऊ तारीख, सरकारी दवाखान्यात पोटुशा बायकांची तपासणी. संध्याकाळी जावयांचा, गोरखरावांचा, फोन. तेजूचं रक्त सात पॉइंट दोन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सातच्या खाली गेलं तर पुण्याला नेऊन रक्त भरावं लागेल, आणि बाळंतपणही तिकडंच. खायला घाला, गोळी पोटात राहील असं बघा.

सात पॉइंट दोन. इथं लिहून ठेवते.

१० जानेवारी

मैदा दीड किलो — ६०
डालडा १ किलो — १५०
कोको — १०
मजुरी — १६०

सलीमभाई म्हणाले होते, “निम्मं-निम्मं करा, वहिनी. त्याच्यापेक्षा जास्त मैदा घातला तर मग नाचणी म्हणू नका.”

मी दीड किलो मैदा घातला आणि अर्धा किलो नाचणी. तुपाऐवजी डालडा. बिस्किटं काय सुरेख झाली! एकही तुटलं नाही. फक्त रंग पांढुरका आला. पहिला घाणा बघून मी उरलेल्या पिठात दोन चमचे कोको पावडर कालवायला सांगितली. नूरजहाँभाभींनी माझ्याकडं बघितलं आणि कोकोचा डबा पुढं केला.

नाचणी अडीच किलो उरली. तूप उरलं.

उरलं असं लिहिलं. उरवलं.

११ जानेवारी

डबा कंडक्टरकडं दिला. वर चिठ्ठी चिकटवली — ‘नाचणी. तेजस्विनीसाठी.’ अक्षर माझं.

१४ जानेवारी, संक्रांत

तीळगूळ द्यायला फोन केला. त्यांच्या वाडीत रेंज येते ती फक्त गोठ्याच्या खांबापाशी. तिथं खिळ्याला फोन टांगलेला असतो आणि स्पीकर लावून सगळं घर बोलतं. म्हशीसुद्धा ऐकतात. तेजूशी दोन शब्द होतात न होतात तोच झुंबरबाई पुढं आल्या.

“आवो इहीणबाई, बिस्कुटं लई झ्याक झाल्यात. पोर दोन-दोन खाती सकाळ-संध्याकाळ. मी म्हनलंच व्हतं, आमची नाचणीच तशी हाय.”

मी म्हटलं, हो, नाचणी चांगलीच आहे तुमची.

दुसरा मंगळवार. दिवा लावला. तूप तिच्याच डब्यातलं.

१६ जानेवारी

आज बरं नाही वाटत. शरीरानं ठीक आहे.

आमच्या आळीतली उज्ज्वला अंगणवाडीत सेविका आहे. तिला तिच्या बायकांसाठी तक्ता मोठ्या अक्षरात उतरवून हवा होता. काकू, तुमचं अक्षर चांगलं, म्हणाली. कोणत्या पदार्थात काय किती, दर शंभर ग्रॅमला. आमच्या वेळच्या मॅट्रिकला एवढं नव्हतं, पण रकाने ओढायला मला आवडतं. पट्टी घेतली, बसले.

मैदा. चुना वीस मिलिग्रॅम. (तक्त्यात कॅल्शियम लिहिलंय, उज्ज्वला बायकांना हाडाचा चुना सांगते.) लोह पावणेदोन.
कणीक. चुना तीस, लोह चार.
नाचणी. चुना तीनशे चौसष्ट. लोह साडेचारच्या वर.

तीनशे चौसष्ट आणि वीस! मला वाटलं मी चुकून शून्य जास्त वाचलं. उज्ज्वलाला विचारलं. ती म्हणाली, बरोबर आहे काकू, म्हणून तर पोटुशीला नाचणी सांगतो.

मग मी शोधायला लागले — मैद्याच्या बाजूनं काही मिळतंय का. मिळालं! प्रथिनं मैद्यात दहा, नाचणीत सातच. मिनिटभर हायसं वाटलं. मग चोथ्याचा रकाना आला. नाचणी अकरा, मैदा पावणेतीन. हायसं गेलं.

तूप आणि डालडा यांच्या लोहाच्या रकान्यात दोघांनाही रेघ. चुन्यालाही रेघ. उष्मांक दोघांचे नऊशे. म्हणजे तूप काढून घेतलं तरी रक्ताचं काही काढून घेतलं नाही, असं मनाशी म्हणाले. तर उज्ज्वला आपणहोऊन सांगायला लागली की तुपात डोळ्यांचं जीवनसत्त्व असतं, आणि डालडा कसा घट्ट करतात, तो हृदयाला कसा वाईट. मी म्हटलं, पुढचं सांग.

साखर — नुसती रेघ. गूळ — लोह साडेचार. गूळ मी घातला होता. तेवढं एक.
तीळ — चुना बाराशेच्या पुढं! दोन दिवसांपूर्वी संक्रांतीला वाट्या भरभरून वाटले. तिच्या डब्यात एक दाणा नाही.

ती गेल्यावर हिशेबाची वही काढली. आयुष्यभर ज्या वहीत दूध-किराणा मांडला तिच्यातच मांडलं. दोन किलो नुसती नाचणी असती तर लोह ब्याण्णव मिलिग्रॅम. मी केलं त्यात — मैद्याचं सत्तावीस, अर्धा किलो नाचणीचं तेवीस, मिळून पन्नास. तूट बेचाळीस. चुना असता बहात्तरशे ऐंशी. आहे एकवीसशे वीस. तूट पाच हजार एकशे साठ.

दोनदा बेरीज केली. बरोबर आहे. पैशाच्या हिशेबात मी कधी पाच रुपये चुकले नाही.

पोटातल्या लेकराचं हाड.

१७ जानेवारी

संकष्टी. उपास केला. आरती यांनाच म्हणायला लावली.

१९ जानेवारी, रविवार

यांना साखर आहे म्हणून सकाळी नाचणीची आंबील करते. गेले आठ दिवस तीच नाचणी. परवा हे म्हणाले होते, औंदा नाचणी गोड लागते, कुठून आणली. मी म्हटलं होतं, बाजारातून.

आज हे फळीवर पानाचा डबा शोधत होते. नाचणीची पिशवी हाताला लागली. झुंबरबाई जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवतात, हिरव्या काठाच्या. सगळ्या तालुक्यात ओळखू येईल.

हे पाटावर येऊन बसले. समोर आंबील होती. वाटी उचलली, परत खाली ठेवली.

“हे तेजूचं आहे ना?”

मी हो म्हटलं. एवढंच. हे नुसता चहा घेऊन उठले. चौतीस वर्षांत यांनी मी वाढलेलं कधी टाकलं नव्हतं.

आंबील मी प्यायले. टाकायची कशी.

२१ जानेवारी

तिसरा मंगळवार. तुपाच्या डब्याला हात लावला नाही. गोडेतेलाचा दिवा लावला. नवस तुपाचा होता. तोही मोडला.

२३ जानेवारी

गोरखरावांचा फोन. तेजूला नळावर चक्कर आली. हंडा सुटला, ही कठड्याला धरून बसली म्हणून वाचली. पोटाला लागलं नाही. रक्त आता कधी तपासणार विचारलं तर म्हणाले, नऊ तारखेला रविवार आहे, दहाला नेऊ.

दहाला. अजून अठरा दिवस. सात पॉइंट दोनच्या खाली सहा पॉइंट नऊ असतं. मध्ये जागा किती — बोटभर नाही.

यांना सांगितलं. हे म्हणाले, “जाऊन ये. आणि सांगून ये.”

२५ जानेवारी, शनिवार. तळेघरहून आल्यावर

सकाळची घोडेगाव, तिथून तळेघरची गाडी दीड तास आली नाही. पुढं फाट्यापासून चढ चालून वाडी. रस्ताभर वाक्य पाठ करत होते. ‘तेजू, त्या डब्यात मैदा जास्त आहे.’ एवढंच म्हणायचं होतं. पाठांतर माझं शाळेत चांगलं होतं.

तेजू ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली. चेहरा पिठासारखा. नखं पांढरी. मला बघून उठायला लागली, मीच धरून बसवलं. तिच्या मनगटाला माझी दोन बोटं पुरून उरली.

झुंबरबाईंनी चहा टाकला. आणि फडताळातून डबा काढला! माझा डबा, माझी चिठ्ठी. बशीत चार बिस्किटं मांडून माझ्यापुढं.

“घ्या. आमच्या शेतातली हायती. तुमी नुसती भाजून दिली, पण चव आमच्या मातीची हाय.”

शेजारची म्हातारी आली होती, तिलाही एक दिलं, आणि नाचणी कशी कड्याखालच्या वावरात केली, पोरानं कशी झोडपली, सगळं सांगत बसल्या. म्हातारी म्हणाली, इतकी खुसखुशीत नाचणी जन्मात खाल्ली नाही.

मी खाल्लं. काय करणार. डालड्याचा थर टाळूला चिकटून बसला.

तेजू माझ्याकडंच बघत होती. मग तिनं बशीतली दोन उचलली, सावकाश चावली, वर लाल गोळी घेतली, पाणी प्यायली आणि भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. झुंबरबाई म्हणाल्या, रोज असंच करती, कुणाशी बोलत नाय तेवढा येळ. मला वाटलं, पोरगी किती विश्वासानं खाते! आता ओकेल, मग ओकेल असं वाटत होतं. तेवढ्यात झुंबरबाई मला गोठा दाखवायला घेऊन गेल्या.

निघताना तेजू फाट्याच्या वळणापर्यंत येते म्हणाली. मी नको म्हटलं. दारात दोघीच होतो. झुंबरबाई आत होत्या. सांगायची वेळ तीच होती.

“मामी, काही म्हणायचं होतं का?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, जपून राहा.

येताना एसटीत जागा मिळाली. तरी उभी राहूनच आले घोडेगावपर्यंत.

२६ जानेवारी

हे विचारतात, सांगितलंस? मी मान हलवली — नाही म्हणून. हे देवघराकडं बघून बाहेर गेले.

फोनवर सांगता येत नाही, खांबाला टांगलेल्या फोनवर ते सगळ्या वाडीला सांगणं होईल. झुंबरबाईंना काय वाटेल! आपली नाचणी म्हणून घरोघर वाटतात. पत्र लिहायला घेतलं. ‘चि. तेजस्विनीस अनेक आशीर्वाद. बिस्किटं बांधली जावीत म्हणून त्यात थोडा मैदा घातला होता —’

थोडा. वाचून बघितलं. फाडलं. पाकिटाचे पाच रुपये वाचले, असा विचार मनात आला. तो विचार आला हेच किती वाईट.

२८ जानेवारी

मंगळवार. उज्ज्वला तक्ता न्यायला आली. सहज विचारल्यासारखं विचारलं — दवाखान्यातल्या लाल गोळीत लोह किती असतं गं?

साठ मिलिग्रॅम, म्हणाली. एका गोळीत.

तिच्यापुढं बोटांवर मोजलं नाही, पण आत हिशेब झाला. माझी सगळ्या डब्याची तूट बेचाळीस. एका गोळीत साठ! म्हणजे मी एका गोळीएवढंसुद्धा खाल्लं नाही तिचं.

पण ती गोळी पोटात राहतच नाही तिच्या. म्हणून तर बिस्किटं मागितली होती. कारणं शोधायची सवय लागली की ती सुटत नाही, हे माझ्यावरून कळतं.

१ फेब्रुवारी, माघी गणेशजयंती

ओझरला गेले. पायांना मुंग्या येईपर्यंत रांग. तूप विकत घेतलं, एक किलो, सातशे वीस. माझ्या भिशीतले. अर्ध्याचा दिवा, अर्धं परत आणलं. पायाशी दिवा ठेवला आणि मागायला काही सुचेना. पहिल्या दोन दिव्यांचं तूप कुणाचं ते त्याला माहीत आहे. त्याच्यापासून लपवलं नव्हतंच, उलट त्याच्याच पुढं जाळलं. नुसती उभी राहिले. मागच्या बाईनं ढकललं, तेव्हा पुढं झाले.

३ फेब्रुवारी, सोमवार

नाचणी तिची उरलेली दीड किलो. आमच्या पोटात गेली ती एक किलो, मंचरच्या दुकानातून आणून भरली — ७०.
कणीक अर्धा किलो, बांधणीपुरती.
तीळ पाव किलो — ६०
गूळ तिचाच उरलेला.
तूप तिचं उरलेलं आणि माझं अर्धा किलो.
मैदा नाही. डालडा नाही. कोको नाही.

सलीमभाई जिन्नस बघून म्हणाले, “काय वहिनी, घरात लगीन काढलं का?” मग माझं तोंड बघून ट्रे पुसायला लागले. नूरजहाँभाभींनी स्वतः मळून दिलं, दुधाचा हात लावून. जाड थापली, मंद आचेवर ठेवली. काळी, ओबडधोबड, कडेला तडे गेलेली. पण उचलता आली. मजुरीचे पैसे भाभी घेईनात. मी ठेवून आले.

आज ट्रेसमोर बसले होते तेव्हा आठवलं — पंचवीस वर्षं मी इथं बसून राखण केली, दुसरीनं माझं तूप घेऊ नये म्हणून.

४ फेब्रुवारी

डबा दिला कंडक्टरला. चिठ्ठीवर काय लिहावं कळेना. काहीच लिहिलं नाही.

खरं कबूल न करता नुसती भरपाई केली. दुकानदार मापात मारतो आणि पुढच्या वेळी मूठभर जास्त घालतो, तसं. पण पोरीच्या पोटात आता तरी खरं जाईल.

७ फेब्रुवारी

फोन केला. उचलला नाही.

८ फेब्रुवारी

झुंबरबाईंनी उचलला. आवाज उतरलेला. बिस्किटं मिळाली, म्हणाल्या, पण पोरीला परत उलट्या सुरू झाल्यात. परवापासून गोळी राहत नाही. “पयली लई मानवली व्हती. ही का मानवंना काय की. नाचणी तर तीच हाय.”

मी काय बोलले आठवत नाही. फोन ठेवल्यावर फरशीवर बसून राहिले. खरी पाठवली तर ती बाधली! कोणता देव असा हिशेब करतो? की मळताना माझ्याकडून काही राहिलं? तीळ कडू निघाले? तूप ओझरहून आणलेलं जुनं होतं? एकेक जिन्नस वास घेऊन बघितला. सगळं चांगलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज तिचं रक्त तपासणार. सहाची गाडी, दहाला दवाखाना, दोनपर्यंत कळेल. दोन वाजले. चार वाजले. फोन लागत नाही.

हे अंगणात येरझाऱ्या घालतात. सरूबाईच्या फोटोला मी आज हार घातला नाही, हिंमत झाली नाही.

ठरवलं. सहा पॉइंट काही आलं, पुण्याला न्यायचं ठरलं, तर दवाखान्यात सगळ्यांसमोर सांगायचं. झुंबरबाईंसमोर, जावयांसमोर. काय म्हणायचं ते म्हणोत. आणि आकडा चांगला आला तरी पत्र लिहायचंच. लिहून ठेवते म्हणजे मागं फिरता येणार नाही — दीड किलो मैदा, अर्धा किलो नाचणी, एक किलो डालडा, रंगासाठी कोको. तूप दिव्यात.

११ फेब्रुवारी

फोन लागला नाही. सहावा मंगळवार. दिवा विकतच्या तुपाचा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

स्टँडवरून निरोप आला, तुमचा डबा आलाय म्हणून. चालत गेले, रिक्षा केली नाही. तिथंच बाकावर उघडला. माझी काळी बिस्किटं, जवळजवळ सगळी, परत. वर घडी घातलेला वहीचा कागद, तेजूच्या अक्षरात —

‘मामी, रागावू नका, ही परत पाठवते. पोटात राहत नाहीत. पहिली राहत होती. त्या डब्यात नाचणी नावालाच होती हे मला पहिल्या घासाला कळलं. मी नाचणी कापलीय, झोडपलीय, तेवढं ओळखते. तुपाचा वासही नव्हता. बोलले नाही, कारण बोलले असते तर तुम्ही लगेच खरी पाठवली असती. ती दोन खाऊन गोळी घेतली की गोळी राहायची, तीन महिन्यांत पहिल्यांदा. परवा रक्त आठ पॉइंट तीन आलं. पुण्याला जावं लागणार नाही. सासूबाई म्हणतात आमच्या नाचणीनं वाढलं. म्हणू द्या त्यांना. पहिला डबा संपला. घोडेगावच्या भट्टीत मीच तशी पाडून आणते, तुम्हाला त्रास नको. मैदा किती, डालडा किती, आणखी काय घातलं, खरं प्रमाण लिहा. तूप कुठं गेलं ते मी विचारत नाही. फोनवर नको, स्पीकर असतो. उलट टपाली कळवा.’